बागेतल्या मुली कुठं गेल्या?

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आज ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना इथली गोष्ट सांगते. या शहरानं १९९२ साली महिलांसाठी वेगळं कार्यालय सुरू केलं. शहर नियोजनाचं काम करणाऱ्या एव्हा काइल या बाई ते बघायच्या. पुढं १९९६-९७ मध्ये तिथल्या बागांची पाहणी झाली. लहान मुलंमुली बागेत बरोबरीनं खेळताना दिसायची. पण वयाची नऊ वर्षं ओलांडली की मुली झपाट्यानं कमी व्हायच्या, मुलगे मात्र तेवढेच राहायचे.

फाटकावर मनाईची पाटी नव्हती. मग अडत काय होतं? जागा एकच, मोठी, मोकळी. मुलगे चेंडू घेऊन आले की ती त्यांची व्हायची. जागेसाठी भांडायची वेळ आली की मुली बाजूला व्हायच्या.

म्हणून १९९९ साली मार्गारेटन भागातल्या दोन बागा नव्यानं आखल्या. पायवाटा वाढवल्या. व्हॉलीबॉल, बॅडमिंटनसाठी जागा केल्या. झाडंझुडपं लावून मोठ्या मैदानाचे छोटे, अर्धे मोकळे भाग पाडले. मग मुली परत येऊ लागल्या, आणि कुणालाही हाकलावं लागलं नाही.

याला लँडस्केप डिझाइन म्हणतात. शोभेची फुलझाडं लावली की झालं, असं ते नसतं. वाट कुठून जाते, दिवा कुठं आहे, बसायला जागा कुठं, आडोसा किती, यावरून तिथं कोण येणार ते ठरतं.

आता आपल्याकडं बघा. गावात पार आहे, शाळेचं पटांगण आहे, पंचायतीनं बसवलेली बाकडी आहेत. संध्याकाळी तिथं कोण असतं? आठवीतली पोरगी दिसते का? दिसत नाही, तर आपण म्हणतो, "तिलाच आवड नाही." व्हिएन्नात कुणी मोजलं नसतं, तर तिथंही हेच म्हणून गप्प बसले असते.

म्हणून गटातल्या दोघीजणींनी आठ दिवस, संध्याकाळी तासभर, नुसतं मोजायचं. वहीत चार रकाने पाडा: मुली, मुलगे, बाया, पुरुष. मग मुलींना विचारा, कुठं जायला नको वाटतं आणि का.

कायद्याप्रमाणं ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती वही तिथं मांडा. "गावात बाग करा" एवढंच म्हणू नका. कोणत्या खांबावर दिवा हवा, बाक कुठं हवं, पटांगणाचा कोणता भाग मुलींच्या खेळाला हवा, हे ठरावात नेमकं लिहून घ्या. आणि हे काम सुरू होण्याआधी करा. एकदा काँक्रीट पडलं की बदल करायला कुणी तयार होत नाही.

पुढच्या बैठकीत हिशोबाच्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवायची. ठेवाल ना?