मॉडेम आणि तांब्याची तार



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मॉडेमची चर्चा थोडी परकी वाटेल. परंतु सामान्य वाचकाच्या घरात दूरदेशीचे लेखन प्रथम आले ते याच लहानशा पेटीतून. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदे ही गावे त्या पहिल्या चारांत नव्हती. तेथील हौशी माणसाला मुंबईपर्यंत एसटीडी लावूनच जोडणी मिळवावी लागे. अमेरिकेतील मुलाचे पत्र अर्ध्यावर तुटले, तर मनस्तापाबरोबर खर्चही दुप्पट होई.

अशा वेळी बहुतेक जण मॉडेमला दोष देत. काही जण तर नवा आणीत. तो बिचारा पुष्कळदा निर्दोष असे. दूरध्वनीची व्यवस्था मानवी आवाजासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी उभारलेली होती. संगणकाच्या शून्य-एकाचे ध्वनीत रूपांतर करून मॉडेम तो त्या अरुंद वाटेने पाठवी. १९९४ च्या व्ही.३४ या मानकाने हा वेग सेकंदाला २८,८०० बिटांपर्यंत नेला. बोलणाऱ्याला जी खरखर सहज खपून जाई, ती या वेगाला मुळीच खपत नसे.

म्हणून दोषाचा शोध कानापासून सुरू करणे शहाणपणाचे होते. मॉडेम काढून तारेला साधा दूरध्वनी जोडावा, एक आकडा फिरवावा, म्हणजे डायलटोन थांबतो. मग त्या शांततेत काय ऐकू येते ते पाहावे. कडकड ऐकू आली तर कोठेतरी सांधा सैल किंवा ओला आहे, असे समजावे. सतत घूं असा आवाज असेल तर दूरध्वनीची तार विजेच्या तारेला खेटून गेलेली असण्याचा संभव मोठा. पावसाळ्यात तक्रारी वाढत त्याचे कारण खांबावरच्या डब्यात सापडे: पाणी शिरून तांब्याचे सांधे हिरवे पडलेले असत. तेथे लाइनमनने सांधा खरवडून नव्याने बांधला, की पंधरा दिवस छळणारा दोष दहा मिनिटांत जाई. त्या बापड्याला मॉडेम म्हणजे काय हे माहीत नसले तरी चाले. त्याच्यापाशी संगणकाचे गाऱ्हाणे न सांगता फक्त खरखरीची तक्रार करावी, हे अनुभवी मंडळी जाणून असत.

घरातील दोष अधिक साधे. दुसऱ्या खोलीतील समांतर दूरध्वनी कोणी उचलला, की जोडणी संपली! ‘कॉल वेटिंग’ची टुक् सुद्धा तेवढीच घातक ठरे. मॉडेमच्या एस१० या नोंदीत मूळ आकडा १४ असे; म्हणजे पलीकडचा वाहक ध्वनी १.४ सेकंद हरवला तर मॉडेम फोन ठेवून देई. तोच आकडा ५० केला, तर पुष्कळदा हा क्षणिक अडथळा निभावून जाई.

एक घोटाळा मात्र खास आपल्याकडचा. भारतीय डायलटोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झच्या थरथरीने युक्त. अमेरिकेतील डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा. तिकडच्या सवयीचा मॉडेम येथे ‘नो डायलटोन’ म्हणून हटून बसे. एटीएक्स३ ही आज्ञा दिली, की तो डायलटोनची वाट न पाहता क्रमांक फिरवी. जुन्या, केवळ पल्स ओळखणाऱ्या एक्सचेंजवर एटीडीपी लिहावे लागे. ‘बिझी’ येत राहिले, तर मात्र घरी काहीच करण्यासारखे नव्हते. पलीकडील मॉडेम अपुरे पडत होते.

जोडणी चांगली लागूनही अक्षरे गळत असतील, तर संगणकाच्या सिरियल पोर्टकडे वळावे. ८२५० ही जुनी चिप आलेले एकच अक्षर धरून ठेवी. संगणक दुसऱ्या कामात गुंतला, की पुढचे अक्षर त्यावर येऊन आदळे. १६५५०ए सोळा अक्षरे सांभाळी. बाहेरून जोडलेल्या वेगवान मॉडेमला ही चिप जवळजवळ आवश्यकच होती.

सर्वांत परिणामकारक उपाय पुष्कळांना अपमानास्पद वाटे. तो म्हणजे कमाल वेग आपण होऊन कमी करणे. खराब तारेवर २८,८०० चा हट्ट धरणारा मॉडेम वारंवार थांबून पलीकडच्याशी नव्याने वाटाघाट करी, आणि शेवटी तुटे. त्यालाच १४,४०० वर बांधले तर तो तासभर टिके. पैसे मोजून घेतलेला वेग सोडायला मन धजत नसे, हे खरे. पण पत्र पुरे उतरणे महत्त्वाचे होते.

आता हे सारे अडगळीत गेले आहे. अमेरिकेतील एओएलनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. त्या काळी जाणकार मंडळी झेडमोडेम ही १९८६ ची पद्धत वापरीत. तीत फाइल जेथे तुटे तेथूनच पुढे घेता येई. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरले, की कोणी बेळगावकर पुन्हा मुंबईचा क्रमांक फिरवी, आणि संध्याकाळी अर्धवट राहिलेली फाइल उरलेल्या अर्ध्यापासून खाली येऊ लागे.