सहा प्रश्नांची शिदोरी
(एस्प्लनेड, कोलकाता येथे परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



परदेशी शिकावयास निघालेल्यांनी कोणती तयारी करावी, या विषयावर बोलण्यासाठी आपण एका भाषांतरकर्तीला पाचारण केले आहे. पारपत्र, शुल्क, राहण्याची जागा यांविषयी माझ्याहून जाणती माणसे येथेच बसलेली असतील. मी बोलणार आहे ते एका जुन्या व्याख्यानाविषयी. एस्प्लनेडहून हावड्यास गेले, की लोकल गाडीने तासाच्या आत श्रीरामपूर येते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले ते हेच गाव. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी एका मराठी स्त्रीने आपल्या आजच्याच विषयावर इंग्रजीतून भाषण केले. आनंदीबाई जोशी तेव्हा अठरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीमुळे ते दांपत्य बंगालमध्ये आले होते.

त्या भाषणात आनंदीबाईंनी लोक आपल्याला विचारीत असलेले सहा प्रश्न स्वतःच मांडले. मी अमेरिकेस का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? तेथे काही संकट ओढवले तर काय करीन? आणि माझ्या जातीच्या कोणत्याही स्त्रीने जे केले नाही, ते मीच का करावे? यांतील ‘जात’ म्हणजे स्त्रीजात. चौथ्या प्रश्नात त्यांनी योजलेला इंग्रजी शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मसंस्थेतला आहे. समोरच्या मिशनरी श्रोत्यांना तो सहज कळला असेल. परंतु मराठीत ‘वाळीत टाकणे’ म्हटल्याशिवाय त्यामागची पाणवठ्यापासून स्मशानापर्यंतची दहशत उमटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या कलकत्त्याकडे बोट दाखविते. येथील वैद्यकीय महाविद्यालय १८३५ पासून चालू होते. परंतु स्त्रियांना तेथे प्रवेश नव्हता. कादंबिनी गांगुली यांना तो मिळाला १८८४ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघून गेल्यानंतर वर्षभराने. मद्रासला सोय होती. पण ते शिक्षण आनंदीबाईंना पुरेसे वाटत नव्हते.

मला वाटते, त्यांचा परदेशवास बंगालमध्येच सुरू झाला होता. भद्र घरची बंगाली स्त्री तेव्हा पायी रस्त्यावर दिसत नसे. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर नसलेली ही तरुणी चालू लागली, की लोक जमत, हसत. खडे मारण्यापर्यंत आणि तिला पाहून थुंकण्यापर्यंत मजल जाई. हे त्यांनी श्रीरामपूरच्या त्याच सभेत, त्याच गावकऱ्यांच्या तोंडावर सांगितले. आज जो शहीद मिनार म्हणून ओळखला जातो, तो १८२८ चा मनोरा तेव्हाही या मैदानाच्या टोकाशी उभा होता. १९६९ पर्यंत त्याला ऑक्टरलोनीचे नाव होते. तो मनोरा ज्या साहेबी शहराचा, त्याला आणि त्याच्या शेजारच्या बंगाली शहराला, दोघांनाही आनंदीबाई परक्याच होत्या. परके असणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ त्यांनी जहाजात चढण्यापूर्वीच गिरविला होता. आपणांपैकी किती जण आपले गाव सोडून दुसऱ्या प्रांतात वर्षभर राहिले आहेत, हे मी म्हणूनच विचारते.

बहिष्काराच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर रोखठोक होते : आपण तेथे अन्न, वेष, चालरीत यांत बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. धर्माच्या बाबतीत तो शब्द त्यांनी पाळला. वेषाच्या बाबतीत मात्र फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याने त्यांना माघार घ्यावयास लाविले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या. या माघारीत मला काही वावगे दिसत नाही; उलट ती आणखी आधी घेतली असती तर बरे झाले असते, असेच वाटते.

कारण त्या सहा प्रश्नांत एक प्रश्न नव्हता : माझे शरीर हे सोसेल काय? कलकत्त्यातच त्यांना डोकेदुखी, अशक्तपणा आणि मधूनमधून ताप येत असे. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांचा त्यांच्याशी पत्रव्यवहार होता. या बाईंनी टपालाने औषधे पाठविली, त्यांचा गुण आला नाही. तरीही ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई ‘सिटी ऑफ कलकत्ता’ जहाजाने येथून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. महाविद्यालयाकडे अर्ज केला तो त्यानंतर, रोझेलहून! आज असे कोणी करू धजणार नाही. फिलाडेल्फियातील त्यांच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड होती. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली, ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला.

ही हकीकत आपल्याकडे बहुधा त्यागाची गाथा म्हणून सांगितली जाते. माझा त्यास आक्षेप आहे. त्यांना मरावयाचे नव्हते, स्त्रियांवर उपचार करावयाचे होते. म्हणून, जाणाऱ्यांनो, निघण्यापूर्वी वैद्याकडून प्रकृती नीट तपासून घ्या. आजारपणाचा विमा कोणते खर्च भरून देतो, हे ओळ न् ओळ वाचा. अंगावरचे दुखणे ‘तिकडे गेल्यावर पाहू’ म्हणून लपवून नेऊ नका. आणि पहिल्या हिवाळ्यात खोली गरम राहते की नाही, हे घर भाड्याने घेण्यापूर्वीच विचारा. घरमालक रागावला तर रागावू द्या.

आपल्यापैकी कोणी न्यूयॉर्ककडे जाणार असेल, तर आणखी एक माहिती देते. आनंदीबाईंचे अस्थिशेष श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आले आणि त्यांनी ते पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेविले. ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन नदीच्या काठाकाठाने तेथे आगगाडी जाते.