खड्गाची वंशावळ

गोष्टींतील तलवार एकट्या राजपुत्राची कधींच नसते. ती कोणा ऋषीच्या गुहेंत, एखाद्या राक्षसाच्या उशाशीं किंवा सात समुद्रांपलीकडच्या विहिरीच्या तळाशीं अगोदरपासून पडलेली असते. पूर्वीच्या धन्याचा हात तिच्यावरून फिरलेला असतो, आणि राजपुत्राला ती मिळते ती कांहीं कसोटीस उतरल्यानंतरच. नागपुराहून उमरेडमार्गें आग्नेयेकडे गेलें म्हणजे मिरचीच्या पिकासाठीं नांवाजलेलें भिवापूर लागतें. अशा गांवांच्या ओसरीवर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपासून इंग्लंडांतील आर्थर राजाच्या कथेपर्यंत हा नियम सारखाच आढळतो. आर्थरची तलवार सरोवरांतून येते आणि राजाच्या अंतकाळीं सरोवरांतच परत जाते. मंतरलेलें शस्त्र हें ठेव असतें, मिळकत नव्हे, एवढें तरी सर्व देशींच्या कथाकारांनीं ओळखलें होतें.

ही कल्पना जितक्या विस्तारानें महाभारतांत मांडली आहे तितकी क्वचितच कोठें मांडली गेली असेल. शांतिपर्वांत शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना नकुल प्रश्न करतो. धनुष्य हें श्रेष्ठ आयुध खरें; पण धनुष्य तुटलें आणि घोडे पडले म्हणजे वीराला तारते ती तलवारच. मग हें खड्ग प्रथम कोणीं व कशासाठीं निर्माण केलें? उत्तरादाखल भीष्म खड्गाची वंशावळच सांगतात. ब्रह्मदेवाच्या यज्ञांतून तें प्रगट झालें. ब्रह्मदेवानें तें रुद्राला दिलें, रुद्रानें विष्णूला, विष्णूनें मरीचीला. मरीचीकडून तें महर्षींकडे, महर्षींकडून इंद्राकडे, इंद्राकडून लोकपालांकडे आणि लोकपालांकडून मनूकडे आलें. पुढें क्षुप, इक्ष्वाकु, पुरूरवा, नहुष, ययाति असे कितीएक राजे येतात. आणि अखेरीस भरद्वाज, द्रोण व कृप यांच्या हातून तें पांडवांपर्यंत पोंचतें. खड्गाचें नक्षत्र कृत्तिका, दैवत अग्नि, गोत्र रोहिणी, गुरु रुद्र. माणसाच्या पत्रिकेंत जें जें असावें तें सारें त्याच्याही पत्रिकेंत आहे.

या लांबलचक यादींतील एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. मनूच्या हातीं खड्ग देतांना लोकपाल त्याला नुसतें शस्त्र देत नाहींत. त्याबरोबर तें वापरण्याची मर्यादाही सांगतात. दंडाची पहिली पायरी शब्दांनीं कान उघाडणी, दुसरी द्रव्यदंड. अंगच्छेद व वध हे त्यापलीकडचे, आणि तेही क्षुल्लक कारणासाठीं कधींच नव्हेत. हे सर्व दंड म्हणजे खड्गाचींच रूपें होत, असें तेथें म्हटलें आहे. म्हणजे म्यानांतून न निघालेली तलवार हीही तलवारच, आणि कदाचित् तिचें अधिक शोभणारें रूप. नकुल हा प्रश्न विचारतो तेव्हां कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्याचा संहार होऊन गेलेला असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे भीष्मांच्या उत्तराचा भार कळून येतो. शस्त्र हातोहात पुढें आलें. पण त्याच्याबरोबरची मर्यादा वाटेंत कोठें गळून पडली, हा प्रश्न त्या उत्तरांत दडलेला आहे.

अर्जुनाच्या गांडीवाची कथा हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगते. तें धनुष्य वरुणाचें. खांडववनाच्या प्रसंगीं अग्नीनें तें अर्जुनाला मिळवून दिलें. पुढें यादवांच्या स्त्रियांना घेऊन जात असतां वाटेंत लुटारूंनीं घाला घातला, त्या वेळीं त्याच अर्जुनाला गांडीवाला प्रत्यंचा चढविणें जड झालें आणि अक्षय म्हणविणाऱ्या भात्यांतील बाण सरले. तरीही महाप्रस्थानाला निघालेल्या त्या वीराला धनुष्याचा मोह सुटेना. अखेर अग्नि वाटेंत उभा राहिला आणि वरुणाचें वरुणाला परत कर असें त्यानें सांगितलें. तेव्हां अर्जुनानें धनुष्य व भाते पाण्यांत सोडले. घेण्याहून परत देणें कठीण, ही या कथेची खूण आहे.

महाराष्ट्रांत अशी मंतरलेली तलवार म्हटली कीं भवानीचें नांव ओठांवर येतें. तुळजाभवानीनें शिवछत्रपतींना स्वहस्तें तलवार दिली, ही कथा घरोघर चित्ररूपानें पोंचली आहे. इतिहासांतील तलवारींचे प्रवास मात्र याहून पुष्कळ वांकडे असतात. १८७५-७६ सालीं इंग्लंडचे युवराज एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असतां कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी यांच्याकडून त्यांना जगदंबा नांवाची तलवार भेटीदाखल मिळाली, आणि ती इंग्लंडच्या राजसंग्रहांत गेली. १९८० सालीं मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनीं भवानी तलवार परत आणण्याचा विषय काढला, तेव्हां साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष तिकडे लागलें होतें.

नागपूरकरांच्या घरची एक तलवार मात्र खरोखरच परत आली. तिच्या पात्यावर देवनागरी अक्षरांत सोन्यानें श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांचें नांव कोरलेलें आहे, आणि त्यापुढें ‘फिरंग’ हा शब्द. फिरंग म्हणजे युरोपांत घडलेलें सरळ पातें. अशीं पातीं समुद्रमार्गें येत आणि येथील कारागीर त्यांना देशी पद्धतीची मूठ बसवीत. या तलवारीच्या मुठीवरही सोन्याचें नक्षीकाम आहे. तेव्हां ज्या शस्त्राला आज नागपूरचा वारसा म्हणून मान मिळतो त्याचें पोलाद परदेशचें आणि त्यावरील नांव, मूठ व मान या भूमीचे. शस्त्राचें कुळ धातूवरून ठरत नाहीं, तें धारण करणाऱ्यावरून ठरतें.

धारण करणारा पुरुष सामान्य नव्हता. छत्रपति शाहूंकडून सेनासाहेब सुभा हें पद मिळालेल्या पहिल्या रघूजींनीं १७४० सालीं कर्नाटकच्या मोहिमेंत अर्काटचा नबाब दोस्तअली याचा पाडाव केला. देवगडच्या गोंड राजघराण्यांतील कलहांत हात घालून नागपूरची सत्ता त्यांनीं आपल्याकडे घेतली. १७५१ च्या तहानें बंगालचा नबाब अलिवर्दीखान यानें ओरिसा सोडून दिला आणि वर्षाला बारा लक्ष रुपये चौथाई कबूल केली. १७५५ सालीं रघूजी निवर्तले तेव्हां नागपूरचें राज्य पूर्व समुद्रापर्यंत भिडलें होतें.

परंतु तलवारीला दोन बाजू असतात. एक मुठीची आणि दुसरी धारेची. नागपुरांत ज्या स्वाऱ्यांचीं वर्णनें अभिमानानें होतात त्याच स्वाऱ्यांची आठवण बंगालच्या अंगाईगीतांत ‘बर्गी’ या नांवानें भयाची खूण होऊन राहिली आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. तेथील आया मुलांना निजवितांना ज्यांचें नांव घेत, त्यांचीं घरें वऱ्हाड-नागपूरच्या मुलखांत होतीं, आणि तेथें त्यांच्याही आया त्यांची वाट पाहत असतील. लोकपालांनीं मनूला सांगितलेली मर्यादा आठवावी असें हें स्थळ आहे. रघूजींचा पराक्रम त्यानें लहान होत नाहीं. पण पराक्रमाचा हिशेब एकाच खात्यावर मांडून भागत नाहीं.

सत्तेचा हातबदलही तलवारीच्या हातबदलासारखाच झाला. भिवापूरच्या शेतांचा सारा एके काळीं देवगडच्या गोंड राजांकडे, मग भोसल्यांकडे जाई. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेंकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा कंपनीकडून पराभव झाला. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि पुढील वर्षीं डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहीर व हत्ती-घोडे लिलावांत निघाले. वृद्ध बांकाबाईंनीं केलेला विरोध व्यर्थ गेला. नांगर तोच, बैल तेच, पावसाची वाट पाहणेंही तेंच. सारा मात्र नव्या धन्याच्या खजिन्यांत जाऊं लागला. रघूजींची फिरंग सीताबर्डीच्या पराभवानंतरच्या लुटींत किंवा भेटींत देशाबाहेर गेली असावी, असा तर्क केला जातो.

तिचें परत येणें हेंही लिलावाच्याच वाटेनें घडलें. २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या सोदबीज या पेढीनें ती विक्रीस काढली. वार्ता कळतांच महाराष्ट्र सरकारनें मध्यस्थामार्फत बोली लावली. वाहतूक व इतर खर्च धरून सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपये पडले, आणि ऑगस्टांत तलवार मुंबईस पोंचली. त्याच्या आदल्या वर्षीं लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतून सातारच्या संग्रहालयांत वाघनखें आलीं होतीं. पण तीं तीन वर्षांच्या कराराची ठेव म्हणून. एक वस्तु विकत घेतलेली, दुसरी उसनी. गोष्टींतील राजपुत्राला कसोटी द्यावी लागे; येथें रुपये मोजावे लागले आणि करारावर सही करावी लागली. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. लुटीनें किंवा दडपणानें गेलेली वस्तु कायद्यानें परत येणें, ही त्या खड्गाच्या वंशावळींतील कदाचित् सर्वांत सभ्य पायरी असेल.

तरी प्रश्न उरतोच. दर वर्षीं खंडेनवमीला घरोघर शस्त्रांचें पूजन होतें, आणि ज्यांच्याकडे तलवार नाहीं ते शेतकरी विळा, कोयता व नांगर यांना गंधाक्षता वाहतात. त्या पूजेंत शस्त्राकडे मागणें असतें तें रक्षणाचें आणि अन्नाचें. दुसऱ्याच्या घरीं भय पोंचविण्याचें नव्हे. आतां रघूजींची फिरंग कोणा एका घराण्याच्या मालकीची राहिलेली नाहीं. नव्या वंशावळींत तिचा धारक म्हणून साऱ्या प्रजेचें नांव लिहिलें गेलें आहे. कांचेच्या पेटींतील ती तलवार पाहण्यास मुलांना नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं तिच्या विजयांच्या कथा अवश्य सांगाव्या; आणि त्याबरोबर मनूला सांगितलेली मर्यादा व बंगालची ती अंगाईही सांगावी. तलवार हातीं आली, पण तिच्याबरोबरचा उपदेश वाटेंतच राहिला, असें या पिढीविषयीं पुढें कोणीं म्हणूं नये.