आधी डबा, मग परस

संध्याकाळी स्वयंपाकाला लागताना
आधी डबा बघा, मग परसात डोकावा.

सकाळच्या पोळ्या उरल्यात?
हातानं कुस्करून घ्या.
तेलात मोहरी तडतडली, की मिरची, कढीपत्ता, कांदा घाला.
कांदा मऊ झाला, की कुस्करा परता.
पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा.
एक वाफ पुरे.

दारात शेवगा आहे?
कोवळा पाला निवडून घ्या.
लसणाच्या फोडणीत, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर शिजवा.
झाली भाजी!

भात उरला, तर मात्र जपा.
बाहेर राहिलेला भात बाधू शकतो.
तो लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा.
खाताना वाफा येईपर्यंत गरम करा.

अन्न वाया जाऊ नये, ताटही सकस व्हावं.
म्हणून लक्षात ठेवा, आधी डबा, मग परस,
आणि मगच बाजार.