इन्शुलिनचें पेन

मधुमेह पुष्कळ वर्षें अंगांत मुरला, म्हणजे केवळ गोळ्यांनीं भागेनासें होतें आणि एके दिवशीं डॉक्टर इन्शुलिन लिहून देतात. औषधवाल्याकडून घरीं येतें तें फाउंटन-पेनासारखें दिसणारें, आधींच औषध भरलेलें पेन. सासूबाईंची नजर अधू. तेव्हां टोचण्याचें काम सुनेकडे येतें. पहिल्या दिवशीं तिचा हात कांपतो. परंतु भ्यावें असें त्या सुईंत कांहीं नाहीं. ती अवघी ४ मिलिमीटर लांबीची मिळते. घात होतो तो टोचण्यापूर्वींच्या दोन मिनिटांतील अनवधानानें.

ही गोष्ट इन्शुलिनच्या जन्मापासून खरी आहे. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं स्वादुपिंडांतून हें द्रव्य मिळविलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड टॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचलें, तेव्हां म्हणण्यासारखा गुण आला नाहीं. टोचल्या जागीं गळूं मात्र झालें. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप ह्या रसायनज्ञानें तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हां टोचला, आणि मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. सारा फरक तयारीचा होता.

घरांतील तयारी पेन ठेवण्यापासून सुरू होते. न उघडलेलीं पेनें फ्रीजमध्यें २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावीं, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नव्हे; एकदां गोठलेलें इन्शुलिन फेंकून द्यावें. वापरांत घेतलेलें पेन ३० अंशांखालीं सांवलींत राहूं शकतें. पुष्कळ प्रकारांचें आयुष्य त्यापुढें २८ दिवसांचें असतें. नेमका काळ वेष्टनांतील पत्रकांत पाहावा व उघडल्याची तारीख पेनावर लिहावी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत, जेथें फ्रीज नाहीं किंवा वीज टिकत नाहीं, तेथें ओल्या वाळूंत बसविलेलें मातीचें मडकें उपयोगीं पडतें.

टोचण्याच्या वेळीं सुनेनें साबणानें हात धुवावे आणि पेनावरील नांव मोठ्यानें वाचावें. जेवणापूर्वींचें जलद इन्शुलिन आणि दिवसभर पुरणारें मंद इन्शुलिन ह्यांचीं पेनें दिसावयास सारखींच; एकाच्या जागीं दुसरें गेलें तर जिवावर बेततें. नंतर औषध उजेडांत पाहावें. निवळ असावयाचें तें गढूळ दिसल्यास वापरूं नये. दुधाळ प्रकाराचें पेन तळहातांमध्यें दहा वेळां घोळवावें व दहा वेळां सावकाश उलटसुलट करावें; तळाशीं सांका राहिला, तर रोजची मात्रा निराळी पडते.

प्रत्येक वेळीं नवी सुई बसवावी. प्रथम २ युनिट लावून, सुई वर धरून कळ दाबावी. टोंकाशीं थेंब दिसला, म्हणजे वाट मोकळी आहे. मग डॉक्टरांनीं सांगितलेला आंकडा लावावा व तो पुन्हां एकदां डोळ्यांनीं पाहावा; केवळ कटकट आवाज मोजून भागत नाहीं. जलद इन्शुलिन असेल, तर जेवण तयार आहे ना, हेंहि तेव्हांच पाहावें.

पोटावर, बेंबीपासून तीन बोटें दूर, सुई सरळ टोचावी. कळ दाबून धरून सावकाश दहा आंकडे मोजावे व मग सुई काढावी. रोज बोटभर जागा बदलावी. एकाच जागीं टोचत गेल्यास कातडीखालीं गांठी होतात आणि तेथें औषध नीट शोषलें जात नाहीं.

पेन बिघडलें म्हणून त्यांतील औषध सिरिंजनें काढूं नये. आपल्या देशांत कुपींतील इन्शुलिन पुष्कळदां दर मिलिलिटरास ४० युनिट असतें आणि सिरिंजहि त्याच मापाची असते. पेनांतील इन्शुलिन बहुधा १०० युनिटांचें. अशा सिरिंजवर दहाच्या खुणेपर्यंत पेनांतील औषध भरलें, तर अंगांत २५ युनिट जातात. तसेंच एकाचें पेन दुसऱ्यास, सुई बदलूनहि, देऊं नये. रक्त पेनांत मागें शिरूं शकतें. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यांत टाकाव्या. केरांत टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातांत शिरते.

इतकें करूनहि कधीं साखर फार उतरते. घाम, थरथर, धडधड, भोवळ, बोलण्यांत गोंधळ हीं तिचीं लक्षणें. रोगी शुद्धीवर असतां तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं रक्त तपासावें, आणि साखर ७० च्या खालींच असेल तर पुन्हां द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडांत कांहीं न घालतां कुशीवर निजवावें व १०८ क्रमांकास ताबडतोब बोलावणें करावें.

शेवटचें काम वहीचें. टोचल्याबरोबर वेळ, औषधाचें नांव व मात्रा लिहावी. पाहुण्यांच्या गडबडींत "टोचलें कीं नाहीं?" असा प्रश्न पडतोच. वहींत नोंद नसेल आणि आठवतहि नसेल, तर अंदाजानें दुसऱ्यांदां टोचूं नये. साखर तपासावी आणि डॉक्टरांस विचारावें. असा क्रम महिनाभर पाळला, म्हणजे सुनेचा हात कांपेनासा होतो, आणि सासूबाईहि वेळ झाली कीं स्वतःच विचारतात, "आज कोणती बाजू, उजवी कीं डावी?"