भास, भय आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमच्या मातोश्रींना उतारवयात अंगणात लहान मुले खेळताना दिसू लागली. ती बोलत नसत, हाक मारली तरी वळून पाहत नसत. मातोश्रींनी ही गोष्ट कित्येक महिने लपविली. घरचे आपणांस वेडी ठरवितील, हे भय! पुढे नेत्रवैद्यांनी उलगडा केला की, दृष्टी मंदावली म्हणजे कधी कधी मेंदू स्वतःच चित्रे रंगवितो. जिनीव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांविषयी हेच नोंदविले होते. आजोबांना मोतीबिंदू होता, बुद्धी मात्र शाबूत होती. हे ऐकून मातोश्री प्रथमच मोकळेपणी हसल्या. त्यांचे ते मुके महिने मला अजून सलतात.

दोरीच्या ठिकाणी सर्प दिसणे हा भ्रम. तेथे निदान दोरी तरी असते. काहीच नसता दिसणे, ऐकू येणे हा भास. झोप लागताना हाक ऐकू येते, दिवंगत पतीची चाहूल लागते. एवढ्याने कोणी रोगी ठरत नाही.

परंतु वृद्ध मनुष्य एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा एखादे औषधही त्यास कारण असू शकते. नित्य मद्यपान करणाऱ्याने ते अकस्मात सोडल्यावर दोन-तीन दिवसांत कंप व भास सुरू झाले, तर प्राणावर बेतते, रुग्णालयच गाठावे. तरुण मुलास आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, संशय बळावला, तर मानसोपचारतज्ज्ञांस दाखवावे. आवाज ‘जीव दे’ किंवा ‘जीव घे’ म्हणत असेल, तर त्यास क्षणभरही एकटे सोडू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे. सल्ल्यासाठी शासनाने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते.

भास होणाऱ्याशी वाद घालू नये, त्याची थट्टाही करू नये. ‘मला दिसत नाही, पण तुझी भीती मला कळते,’ एवढेच म्हणावे.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. ‘मुलीचे स्थळ मोडेल’ म्हणून आपण दुखणे झाकतो, अंगारे-धुपारे करीत महिने दवडतो. उपचार जितके लवकर, तितकी गुणाची आशा अधिक. ज्ञातीची अब्रू दुखणे लपविण्यात नाही, दुखणाइताला सांभाळण्यात आहे.