शुश्रूषा आणि पुरावा
(मांजरी येथे परिचारिका व प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनींपुढे केलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या परिसराला शुश्रूषेचा मोठा वारसा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी येथून जवळच, हडपसर भागात रुग्णसेवा केली आणि त्या सेवेतच सावित्रीबाईंचा अंत झाला. त्याच वर्षी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना करून तिचा गुण पारखला. चांगल्या परिचारिकेला ही माया हवी आणि ही पारखही हवी. माया आपण घरून आणतो. पारख मात्र कोणीतरी शिकवावी लागते.

एक उदाहरण देते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ लाल झाली, की स्पिरिट लावून चोळावी, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले. हेतू चांगलाच होता. परंतु हाडावरील लाल कातडी चोळल्याने आतील भागास इजा होऊ शकते, हे पुढे ध्यानात आले. म्हणून आता सांगतात, चोळू नका. कूस बदला, दाब कमी करा.

लसीचेही तसेच. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशी याच मांजरी-हडपसर भागातून देशोदेशी जातात. पण ‘जितका गारवा तितके बरे’ या समजुतीने त्रिगुणी लस गोठली, तर ती निकामी होते. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानच लागते.

नव्या मुलीने हे वाचलेले असते. ती वॉर्डात विचारते, “सिस्टर, हे असे का?” त्यावर “तू मला शिकवणार?” असे उत्तर मिळाले, तर ती पुन्हा तोंड उघडत नाही. भोग मात्र रुग्णाच्या वाट्याला येतात.

म्हणून ज्येष्ठ भगिनींना विनंती, की प्रत्येकीने एका नव्या परिचारिकेला हाताशी घ्यावे. आठवड्याला एक प्रश्न निवडावा, त्यावरील अधिकृत मार्गदर्शिका दोघींनी मिळून वाचावी, डॉक्टर व मेट्रन यांच्याशी बोलून मगच बदल करावा आणि परिणाम वहीत नोंदवावा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धानंतर मृत्यूंचे आकडे मांडूनच सरकारला सुधारणेची निकड पटवली होती. आपली वही लहान असेल, परंतु रीत तीच आहे.

विद्यार्थिनींनो, तुम्ही अदब राखून विचारा, पण विचारल्याशिवाय राहू नका. उद्या तुम्हीही ज्येष्ठ व्हाल, तेव्हा तुम्हाला प्रश्न विचारणारी मुलगी तुमच्या वॉर्डात निर्भयपणे उभी राहिली पाहिजे.